रांगोळीचा काठ

माझी आत्या भांडत नाही. ती फेडते.

तिच्या धाकट्या जावेनं एका लग्नात सगळ्यांना साड्या नेसवल्या आणि आत्याच्या हातावर ब्लाऊजपीस ठेवलं. आत्या हसली, कुंकू लावून घेतलं, जेवली आणि घरी आली. पुढं बऱ्याच वर्षांनी त्या जावेच्या पोराचं लग्न निघालं, तेव्हा आत्यानं बँडवाल्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की वरमाईला नागीण लई आवडती, पण लाजून बोलायची न्हाई ती. मग काय. जाऊबाई ओवाळायला वाकल्या की नागीण. अक्षतांना हात वर गेला की नागीण. सून माप ओलांडत होती, जाऊबाई भरल्या डोळ्यांनी बघत होत्या, आणि नागीण. आत्या बाजूला उभी राहून ब्लाऊजपीसनं तोंड पुसत होती. तेच ब्लाऊजपीस. तिनं ते जपून ठेवलेलं.

हे आधीच सांगतो, कारण पुण्याच्या निरंजन सबनीस सरांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या पुढं, खापऱ्या डोंगराच्या अंगाला. डोंगर गायरानात मोडतो, म्हणजे सरकारचा, म्हणजे कुणाचाच नाही, म्हणजे आमचा. त्यावर सीताफळं आहेत. ती कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. लाजलज्जा नसल्यासारखी दगडातून उगवलेली आहेत. आत्या, म्हणजे मुक्ताबाई, आणि आतोबा आधी दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. मग आतोबांची कंबर गेली. मग आत्यानं गावातल्या बायका गोळा केल्या आणि त्या डोंगरावरची सीताफळं उतरवायला लागल्या. निम्मी फळं तशीच विकायला जायची, निम्म्यांचा गर निघायचा. सगळा माल मांजरसुंब्याच्या हाफिजा खाला, म्हणजे हाफिजा मावशी, विकत घ्यायच्या. त्यांचा फळांचा धंदा, दोन मोठे फ्रीजर, आणि आमेर नावाचा एक मुलगा, जो माझा दोस्त आहे आणि पिकअप चालवतो.

तेव्हापासून आत्याचा कोयता खुंटीला आहे. नुसता अडकवलेला नाही. आत्यानं तो सुतळीनं खुंटीला बांधून टाकलाय, गाठीवर गाठ. कोयता आपणहून खाली यायला नको म्हणून. डोंगर हातचा गेला की त्या गाठी सोडाव्या लागणार. या गोष्टीत पणाला लागलंय ते एवढंच. बाकी सगळी मजा आहे.

तर देशाचा हवामान बदलाचा आराखडा दिल्लीत शिजत होता. त्यात लोकांचा आवाज असला पाहिजे असा नियम आहे. पण दिल्लीला आमचा आवाज ऐकू जात नाही, लांब पडतं. म्हणून मधे संस्था असतात. त्या गावात येतात, आवाज काढून घेतात, स्वच्छ धुतात, इंग्रजीत वाळत घालतात आणि घडी करून पाठवून देतात. सगळ्या अशा नसतात. माझ्या लहानपणी एक संस्था आलती, तिची पोरं आमच्या माणसांसोबत बांध घालून उन्हात काळी पडली, पिठलं-भाकरी खाऊन राहिली आणि जाताना कुणाचा फोटोसुद्धा काढला नाही. त्या संस्थेचं पुढं काय झालं माहीत नाही. बंद पडली असणार.

सबनीस सरांची संस्था मात्र जोरात होती. ऋतुपालवी प्रतिष्ठान. सर भर मे महिन्यात आले. खादीचा कुर्ता, पाण्याची पितळी बाटली, आणि बोलणं इतकं हळू, जणू समोरचा माणूस आत्ताच झोपेतून उठलाय आणि तो दचकायला नको. मारुतीच्या मंडपात त्यांनी बायकांना गोल बसवलं. आधी पेंग जावी म्हणून टाळ्यांचा खेळ. एका बोटानं टाळी म्हणजे पावसाचे थेंब, मग दोन बोटांनी, मग अख्ख्या हातानं, म्हणजे मुसळधार. मे महिन्यात, बीड जिल्ह्यात, मुसळधार. चंद्रभागाबाईंचं वय झालेलं, त्या दोन बोटांवरच थांबल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं एवढाच पडतो."

मग सरांनी रांगोळीच्या पिशव्या काढल्या आणि म्हणाले, "तुमचं गाव तुम्ही काढा. तुमच्या मनातलं गाव. मी फक्त बघणार."

बायका खूश. एवढी रंगीत रांगोळी कोण फुकट देतं? त्यांनी ओढा काढला, मारुती काढला, सरपंचाचं घर मुद्दाम बारीक काढलं. डोंगर काढला हिरवागार, कारण हिरवी पिशवी सगळ्यात मोठी होती. आता रांगोळी पुरी झाली की बाई काय करते? काठ काढते. काठ काढल्याशिवाय बाई रांगोळीपासून उठत नाही. काठ नसलेलं लुगडं कुणी नेसतं का? आत्यानं डोंगराभोवती दुहेरी काठ ओढला, आणि हौस म्हणून काठावर थोड्या थोड्या अंतरानं टिंबं दिली.

सर स्टुलावर चढले आणि फोटो काढला. "किती सुंदर," ते म्हणाले. "किती स्पष्ट."

शेवटी त्यांनी भिंतीला एक मोठा चार्ट चिकटवला. "आजचा दिवस कसा वाटला, प्रत्येकीनं एका शब्दात सांगायचं."

"चहा," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

सरांनी चार्टवर 'चहा' लिहिलं आणि आणखी शब्दांची वाट बघितली. बायका चहाची वाट बघत होत्या. तेवढ्यावरच कार्यशाळा संपली. चार्ट आमच्या मंडळाच्या खोलीत राहिला.

स्पष्ट काय होतं, ते आम्हाला श्रावणात कळलं. खापऱ्याच्या पायथ्याला ट्रक आला. सिमेंटचे खांब, काटेरी तारेची भेंडोळी, एक ठेकेदार आणि एक पाटी: 'लोकांनी, लोकांसाठी: सामुदायिक कार्बन बांबू वन. आत जाण्यास मनाई.' लोकांसाठी होतं, फक्त लोकांनी आत जायचं नव्हतं.

आत्यानं ठेकेदाराला विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्याच," तो म्हणाला, आणि गाडीतून एक गुळगुळीत अहवाल काढून दिला. अहवाल इंग्रजीत. मी अंबाजोगाईला इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय, आणि त्या पदवीचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला. पानभर आमच्या रांगोळीचा फोटो. खाली ओळ. मी बायकांना मराठीत वाचून दाखवली: "स्थानिक महिलांनी स्वतः आखलेले संरक्षक कुंपण. तार दुहेरी असावी, तसेच खांब कुठे रोवावेत, हेही महिलांनीच निश्चित केले आहे."

खापऱ्यावरून एक वानर हुप्प करून गेलं.

"तरी म्या म्हणलं व्हतं," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "साधा काठ काढ. पण हिला टिंबांची हौस."

आत्यानं सरांना फोन लावायला सांगितला. मी लावला, आवाज मोठा केला.

"मुक्ताताई," सर हळूच म्हणाले, "मी तुमची भीती समजू शकतो. बदल म्हटलं की सुरुवातीला असं होतं. पण हा अहवाल आराखड्याचं परिशिष्ट म्हणून आता दिल्लीला गेलाय. राष्ट्रीय पातळीवर घेतलं जाईल ते. माझ्या हातात काही नाही. आणि ताई, हे मी कुठं म्हणालो? हे तुम्ही म्हणालात. मी फक्त तुमचा आवाज."

"बरं," आत्या म्हणाली.

ब्लाऊजपीस हातात घेतलं तेव्हाही ती 'बरं' एवढंच म्हणालेली, असं घरात सांगतात.

पोळ्यापर्यंत तार डोंगराला वेढून झाली. सीताफळं आत, बायका बाहेर. पुढं गणपती झाले. फळांचे डोळे उघडायला लागले, वानरं आत बसून आमच्याकडं बघत बघत खायला लागली. बियासुद्धा तारेबाहेर थुंकायची. ऊसतोडीच्या मुकादमाला वास लागला. तो आत्याच्या दारावरून मोटारसायकल सावकाश न्यायला लागला. "वैनी, यंदा खुंटीवरचा कोयता सोडताय न्हवं? कारखाना लवकर सुरू व्हतोय." आत्या त्याला पाणी द्यायची आणि आत निघून जायची. पण एका संध्याकाळी मी बघितलं, सुतळीची एक गाठ सुटलेली होती.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. त्या आराखड्याची राष्ट्रीय समिती बीडला येणार. नोंदणीकृत संस्थांनी 'आपापल्या समुदायाची' बाजू मांडावी.

"आद्या," आत्या म्हणाली, "आपल्याकडं संस्था कोणती हाय रं?"

"आपल्याकडं एकच. कबड्डी मंडळ."

"नोंद हाय?"

जय बालाघाट कबड्डी मंडळाची नोंद होती. अध्यक्ष बद्रीनाथ, वय वाढलेलं, गुडघा गेलेला, पण शिट्टी अजून गळ्यात. नोंदणी करताना मंडळाची घटना बीडच्या एका टायपिस्टानं टाइप केली होती. हा माणूस जिल्ह्यातल्या यच्चयावत संस्थांना एकच घटना टाइप करून द्यायचा, फक्त वरचं नाव बदलायचा. त्यामुळे आमच्या कबड्डी मंडळाची उद्दिष्टं अशी होती: क्रीडा, भजन, वृक्षारोपण, पर्यावरण, अंधश्रद्धा निर्मूलन, शिलाई वर्ग, आणि देशातील सर्व स्तरांतील दुर्बल घटकांचा सर्वांगीण विकास.

आत्यानं मला ते शेवटचं दोनदा वाचायला लावलं. "देशातील म्हणजे, पुणं आलं का त्यात?"

"आलं."

"मंग सबनीस साहेब आले त्यात. आता दुर्बल हाय का तेवढं बघाया पायजे."

बद्रीनाथला घाम फुटला. "पण मुक्ते, आपण त्यांच्या वतीनं बोलायचं म्हणजे त्यांला इचारायला न्हाई का लागत?"

आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. "कोण इचारतंय बद्री?" ती म्हणाली.

आमेरची पिकअप आठवड्याला फळं घेऊन पुण्याला जायचीच. यंदा आमच्या डोंगराचं फळ नव्हतं, आष्टीकडचं होतं. तो म्हणाला, "आत्या, तुमी पुढं बसा. ये आद्या, तू फळांत बस बे." मी रात्रभर सीताफळांत बसून गेलो. टोचत नाहीत ती, पण मऊ पडतात.

सर बाणेरला राहायचे, हरितकुंज सोसायटीत. मोठं फाटक, आत हिरवळ, हिरवळीच्या मधे निळा पोहण्याचा तलाव, त्यात कुणीच पोहत नव्हतं. सर आम्हाला बघून इतके हरखले की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून आत्या दाखवली. "ही माझी बीडची माणसं!" शेजारच्या निवृत्त कर्नलांनी आत्याला नमस्कार केला आणि विचारलं, शेतकरी का? आत्या म्हणाली, "कबड्डी."

मग तिनं पिशवीतून रांगोळी काढली.

"साहेब, तुमी आमच्याकडून आमचं गाव काढून घेतलं, लई गोड वाटलं बघा. मंग म्हणलं, आपणबी तुमच्याकडून तुमचं काढून घ्यावं. तुमच्या मनातलं. आमी निस्तं बघणार."

सरांचे डोळे खरोखर भरून आले. "याला म्हणतात परस्परता," ते कर्नलांना म्हणाले आणि लॉबीतल्या फरशीवर मांडी घालून बसले. रांगोळी त्यांना चिमटीत धरता येत नव्हती. भाजीत मीठ टाकल्यासारखी टाकत होते. तरी मन लावून काढली. इमारती, पार्किंग, हिरवळ, निळा तलाव. उठायला लागले तसं आत्या म्हणाली, "काठ ऱ्हायला की साहेब."

"काठ हवाच का?"

"अवं, काठाबिगर अपुरी दिसती."

सरांनी हिरवळ, तलाव आणि पार्किंग यांच्याभोवती वाकडा काठ ओढला. आत्यानं मान हलवली. त्यांनी आणखी एक ओढला. "टिंबं?" त्यांनीच विचारलं. आत्या म्हणाली, "तुमची मर्जी." त्यांनी टिंबं दिली.

आमेर सोफ्यावर चढला आणि फोटो काढला.

"किती सुंदर," आत्या म्हणाली. "किती पष्ट."

जनसुनावणी बीडच्या एका सभागृहात होती. वर समिती, खाली आम्ही, मधे बिसलेरीच्या बाटल्यांची रांग. अध्यक्षबाई दिल्लीहून आलेल्या, पण मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे मराठी पक्कं. दमलेल्या दिसत होत्या. दिवसभर लोकांचे आवाज ऐकले की कुणीही दमेल.

सबनीस सर आमच्या आधी बोलले. पडद्यावर आमची रांगोळी आली. आमच्या काठावर लेझरचा लाल ठिपका फिरला. "समुदायाची स्वतःची दृष्टी," सर म्हणाले. टाळ्या पडल्या. आत्यानंही वाजवल्या, दोन बोटांनी.

मग जय बालाघाट कबड्डी मंडळाचा पुकारा झाला. सरांनी मला हात केला. त्यांना वाटलं मैदान मागायला आलोय. मी माइकसमोर उभा राहिलो. भीती वाटत होती, पण सांगतो, दुसऱ्याच्या वतीनं बोलायला लागलं की भीती जाते. आवाजाला आपोआप ती सरांची साय येते.

"आमचं मंडळ पुण्याच्या बाणेर भागातल्या एका असुरक्षित समुदायासोबत काम करतं," मी हळूच म्हणालो. "हा समुदाय उंच इमारतीत राहतो. वीज गेली की तो खाली येऊ शकत नाही, आणि खाली असला तर घरी जाऊ शकत नाही. उन्हाळ्यात त्यालाही टँकरच लागतो, आमच्यासारखाच. उष्णता सहन करण्याची क्षमता फार कमी. गाडीपासून दारापर्यंत जाताना ते डोक्यावर हात धरतात. पारंपरिक ज्ञान जवळजवळ नष्ट झालंय. ते सीताफळ चमच्यानं खातात."

समितीतला एक जण लिहून घ्यायला लागला. खरंच.

"परंतु या समुदायाकडे दृष्टी आहे," मी म्हणालो, आणि आमेरनं बटण दाबलं. पडद्यावर सरांची रांगोळी आली. "समुदायाच्या प्रतिनिधीनं आपल्या मनातलं गाव स्वतःच्या हातानं काढलं. पोहण्याचा तलाव माती टाकून बुजवावा, हिरवळ आणि पार्किंगवर बांबू लावावा, भोवती दुहेरी काटेरी तार असावी, आणि समुदायानं आत जाऊ नये. खांबांच्या जागाही त्यांनीच निश्चित केल्या आहेत. आमचं मंडळ हे परिशिष्ट म्हणून जोडत आहे. आम्ही फक्त त्यांचा आवाज."

सबनीस सर उठले. पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं.

"काय मूर्खपणा चाललाय? रांगोळीला काठ काढला म्हणजे मी कुंपणाला संमती दिली? मला कुणी विचारलं का? माझ्या घराबद्दल माझ्या वतीनं बोलायचा अधिकार या लोकांना दिला कुणी? हे माझं म्हणणं नाहीच! कुठल्याही संस्थेचा कागद म्हणजे माणसाची संमती होत नाही!"

"शब्दशः घ्या," अध्यक्षबाई टिपण काढणाऱ्याला म्हणाल्या. त्यांचा थकवा गेला होता. "सबनीस, तुमचा तो आधीचा फोटो पुन्हा लावा. आणि यांचा शेजारी."

पडद्यावर दोन्ही रांगोळ्या शेजारी शेजारी आल्या. दुहेरी काठ, टिंबं. दुहेरी काठ, टिंबं. आमची सुबक होती, एवढाच फरक. सर उभेच होते. त्यांना बसता येईना, कारण बसलं असतं तर कळलं असं झालं असतं.

मागच्या रांगेतून आत्या उठली. पदर सावरला.

"बाई, आमी लई लांबून बोलाया आलतो. पण आता आमचं काय ऱ्हायलं न्हाई. साहेब बोलले त्येच आमचं म्हणणं, अक्षर न अक्षर. कावून खोटं बोलू, आमच्यापेक्षा चांगलं बोलले. आमचा आवाज साहेबच हायती."

सभागृहात हसू फुटलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, त्यांनी बिसलेरीचा घोट घेतला, बराच वेळ घेतला.

निकाल मात्र सरकारी निघाला. जोडलेलं परिशिष्ट समितीला फाडता येत नाही. ज्या संस्थेनं जोडलं तिनंच लेखी मागं घ्यायचं, तेही जिथं कुंपण उभं आहे तिथल्या समुदायाचं समाधान झाल्यावर. तोवर दोन्ही परिशिष्टं राहणार, आणि दोन्ही जागांच्या पाहणीचं पत्र निघणार. बाहेर पडताना तो लिहून घेणारा गृहस्थ मला गाठून म्हणाला, शहरी असुरक्षित समुदायांवर काम करणाऱ्या संस्था फार कमी आहेत, तुम्ही दिल्लीच्या कार्यगटावर याल का? मी हो म्हणणार होतो. आत्यानं माझा कान धरून मला पिकअपमध्ये बसवलं.

पाहणीचं पत्र आमच्या गावात आलं तेव्हा कुणी उघडलं नाही. हरितकुंजमध्ये मात्र उघडलं. तलावात बांबू लावायला केंद्राची माणसं येणार म्हटल्यावर कर्नलांनी सोसायटीची तातडीची सभा घेतली. आमेर तिथल्या वॉचमनला रोज फोन लावून बातमी काढायचा. सरांना आधी सचिवपदावरून काढलं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलं. मग त्यांच्या गाडीच्या जागेवर कुणीतरी बांबूचं रोप आणून ठेवलं, कुंडीसकट. आत्या रोज विचारायची, "आज काय केलं रं त्यांनी?" आणि ऐकत ऐकत भाकरी थापायची. भाकऱ्या त्या दिवसांत फार गोल व्हायच्या.

दसऱ्याच्या आत सरांचा फोन आला. मग दुसरा आला. मग सर आले.

हातात त्यांच्या संस्थेचं पत्र होतं, सही-शिक्क्यानिशी: खापऱ्याचं परिशिष्ट मागे घेण्यात येत आहे. आत्यानं ते मला वाचायला लावलं, चंद्रभागाबाईंना दाखवलं, बद्रीनाथकडं दिलं.

"आता तुमचं पत्र," सर म्हणाले.

"आधी समाधान," आत्या म्हणाली. "बाई म्हणल्या न्हवं का. तार अजून उभी हाय."

"ठेकेदाराला सांगतो ना मी. पुढच्या आठवड्यात..."

"न्हाई न्हाई. लोकसहभागातून लागली, तर लोकसहभागातूनच निघली पायजे."

सरांनी गोलाकार बसलेल्या बायकांकडं बघितलं. "मग चला, सगळे मिळून काढू."

"सगळे कशाला?" आत्या हळूच म्हणाली, अगदी हळू, समोरचा माणूस आत्ताच झोपेतून उठल्यासारखं. "तारेचा काठ तुमी ओढला, साहेब. आमी निस्तं बघणार."

आमेरनं आपल्या बापाच्या गॅरेजातून पक्कड आणली. गॅरेजात दोन होत्या. त्यानं बोथट आणली. सरांनी कुर्त्याच्या बाह्या वर केल्या आणि पहिल्या खांबाची तार कापायला घेतली. ती तुटेना. मग तुटली, आणि उसळून कुर्त्यात अडकली. ऊन वर चढत गेलं. बायका तारेबाहेर झुकलेल्या सीताफळीच्या सावलीला बसल्या. खांबामागून खांब मोकळा झाला तशी चंद्रभागाबाई पुढं सरकत गेल्या, आत हात घालून पिकलेलं फळ तोडलं, फोडलं आणि बिया तारेच्या दिशेनं थुंकल्या. वानरांनी कड्यावर बसून सगळं बघितलं; त्यांना आवडलं असावं असं नाही.

दुपारी सर तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन खाली बसले.

"पेंग आली वाटतं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पाऊस पाडा गं."

बायकांनी एका बोटानं टाळ्या वाजवल्या. मग दोन बोटांनी. मग अख्ख्या हातानं, सगळ्या मिळून, मुसळधार. सर उठले.

मला वाटलं होतं मला मजा येईल. आली. खोटं कशाला बोलू? त्यांच्या हाताला ओरखडे होते, नाकाची कातडी लाल झालती, आणि मी एका दगडावर बसून प्रत्येक तुटणाऱ्या तारेला मनात एक एक गुण देत होतो. मी काही मोठ्या मनाचा माणूस नाही. आत्याच्या दारावरून रोज सावकाश जाणारी ती मोटारसायकल मी बघितली होती.

उन्हं उतरली तेव्हा खापऱ्या मोकळा झाला. आत्यानं सगळ्यांना मंडपात गोल बसवलं, सरांना मधे. मला मंडळाच्या खोलीतून तो जुना चार्ट आणायला लावला आणि त्याच जागी चिकटवायला लावला. वर 'चहा' लिहिलेलं, सरांच्या सुंदर अक्षरात.

"आजचा दिवस कसा वाटला, साहेब?"

"मुक्ताताई, खरं सांगू का, मी आज खूप काही..."

"एका शब्दात."

सरांनी हातावरचे ओरखडे बघितले. आत्याला घाई नव्हती.

"दमलो," ते म्हणाले.

"आदिनाथ, चार्टवर लिही."

मी 'चहा'च्या खाली 'दमलो' लिहिलं. सरांना चहा दिला. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि एका दमात प्याले.

मुकादम त्या संध्याकाळी आला नाही. आला असेल तर थांबला नाही. आत्यानं घरी जाऊन सुतळीची सुटलेली गाठ परत मारली, वर आणखी एक मारली, आणि मग ती आमच्या मंडळाचं पत्र घेऊन मंडपात आली. मजकूर मी लिहिला होता: हरितकुंजचं परिशिष्ट मागे घेण्यात येत आहे. बद्रीनाथची सही, शिक्का. सगळं कायदेशीर.

सरांनी पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडला. मी वाकून बघितलं. घरी गेली होती तेवढ्या वेळात आत्यानं कागदाच्या चारी बाजूंनी हिरव्या पेनानं दुहेरी काठ काढला होता, आणि काठावर थोड्या थोड्या अंतरानं टिंबं.

सरांनी मान वर केली. "हे... हे काय आहे?"

"घाबरू नका साहेब," आत्या म्हणाली. "निस्ता काठ हाय."